ज्याने लावली, त्यानेच पाटी काढायची

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. फोनवर आपण दोघं पहिल्या मिनिटाला भांडतो आणि दुसऱ्या मिनिटाला तुझी मामी माझ्या हातातून फोन काढून घेते, म्हणून हे पत्र. पत्र कुणी मध्येच काढून घेत नाही.

परवान्याच्या कचेरीतून कागद आलाय. कीटकनाशकं वापरायचा माझा परवाना या वर्षी संपतोय, आणि तो पुढे चालू ठेवायचा तर म्हणे उजळणीच्या वर्गाला बसायला हवं. मी! औषधं मारता मारता ज्याचे केस पांढरे झाले, त्याने बाकावर बसून झुरळं कशी मारायची ते ऐकायचं. वर कळस म्हणजे शिकवणाऱ्यांत तुझं नाव. फवारणीच्या पंपाचं तोंड कुठल्या बाजूने पिळायचं हे जिला मी दाखवलं, ती मला धडे देणार. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

तेव्हा तुझ्या साहेबांच्या कानावर घाल. म्हणावं, माझे मामा या धंद्यातलं जुनं खोड आहेत, त्यांना सूट द्या. बाजारात मला अजून 'नाकवाले' म्हणतात हेही सांग. वायू भरून बंद केलेली वखार उघडली की मी दारात उभा राहून एकदा श्वास घेतो आणि सांगतो, आत जायला हरकत नाही, किंवा थांबा. आजवर चुकलेलो नाही.

बाकी सगळं ठीक. थंडीतल्या त्या तापातून मी खडखडीत बरा झालो. तुझ्या मामीचा हात मात्र हल्ली फिका पडलाय. रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी. परवा दूध जळून पातेल्याचा कोळसा झाला. मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होतो, तर बाहेरून येऊन मलाच झाडलं. दूध तिने ठेवलं, मग लक्ष कुणी ठेवायचं? वय झालं तिचं, दुसरं काय.

सूट मिळाली की कळव.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. सूट मिळणार नाही. खरं सांगायचं तर मी विचारलेलंच नाही. पहिल्या बाकावर तुझ्यासाठी जागा ठेवली आहे, मागे बसलास तर डुलक्या काढशील.

आणि आम्ही झुरळं मारायला शिकवत नाही. तू मला शिकवलंस तेच शिकवतो. डब्यावरचं लेबल हाच कायदा, त्यात लिहिलंय त्याच्या पलीकडे जायचं नाही. औषध दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही. औषधांची खोली कुलपात ठेवायची. हाताखालच्या माणसाने चूक केली तरी ती परवानेदाराची चूक, कारण सही त्याची असते. आणि पहिल्या तासाला मी तुझा नियम सांगते. वायू भरलेल्या जागेच्या दारावर धोक्याची पाटी लागते, ती ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लोक ते लिहून घेतात. कुणाचं वाक्य म्हणून विचारलं की मी मान ताठ करून सांगते, माझ्या मामाचं.

तुझ्या नाकाबद्दल मात्र वर्गात बोलत नाही. विचारलं तर खोटं बोलावं लागेल. नाक थकतं मामा, वासाला सरावतं, आणि थोडा वायू असेल तर त्याला कळतही नाही. पहिल्या पगारातून तुला वायू मोजायचं मीटर घेऊन दिलं होतं, ते कपाटाबाहेर निघालं का?

मला मामीची काळजी वाटते. मीठ विसरते, दूध विसरते. या वयात असं सुरू झालं तर हयगय करून चालत नाही. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. पण घाबरवू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

भिंगरी


१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या हुकमाप्रमाणे मामीला नेलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळी उत्तरं तिने धडाधड दिली. परत येताना मात्र तोंडाला कुलूप. तुझ्या सांगण्यावरून नेलं म्हटलं, तरी उघडलं नाही.

मीटर म्हणशील तर तुझं ते डबडं कपाटात आहे. नव्या साडीसारखं जपलंय, अजून घडी मोडलेली नाही.

आता आनंदाची गोष्ट. पिठाच्या मोठ्या गिरणीचं काम मिळालं. गव्हाच्या वखारीत किडे झालेत, पोती अक्षरशः चालायला लागलीत. थप्प्यांवर ताडपत्र्या घालायच्या, खाली वायूच्या गोळ्या ठेवायच्या, दारं चिकटपट्टीने बंद करून पाटी लावायची. भिंतीपलीकडे पॅकिंगची खोली आहे. तिथे बायका पिठाच्या पिशव्या भरतात. तेवढे दिवस त्यांना सुट्टी.

मॅनेजर मोठ्या ऑर्डरच्या घाईत आहे. ज्या सकाळी मी पाटी काढेन त्याच सकाळी बायकांना बसवणार. मला म्हणाला, "मीटरवाले दोन दोन दिवस घोळ घालतात हो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुम्ही वास घ्यायचा आणि मोकळं करायचं." ऐकलंस? अशी माणसं आहेत अजून, ज्यांना किंमत कळते.

मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरे,

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहितेय. त्यांना लिहिताना माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं.

मी ठणठणीत आहे. रश्शात मीठ हल्ली दुप्पट घालते, कारण रोज तेच ऐकायचं, फिकं आहे, फिकं आहे. शेजारीण चव घ्यायला आली तर तिला ठसका लागला. म्हणाली, वहिनी, समुद्र आणून ओतलात का? मग मी विचार करायला लागले.

परवा भाजी घेऊन आले तर जिन्यातच गॅसचा वास. धावत वर गेले. हे ओट्याला टेकून शब्दकोडं सोडवत उभे. शेगडीचं बटण चालू आणि ज्योत विझलेली. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि म्हटलं, घरात कोंदट वाटतंय. हे म्हणाले, "हो का? मला तर काही वाटत नाही." आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. तूच सांग, शेजारच्यांचं दूध लागलं तरी ज्यांना इथे बसून कळायचं, ते हेच का?

मी विचारलं तर पेटतील. तू विचार. तू त्यांची लाडकी, आणि वर मास्तरीण.

एक सांगू? डॉक्टर मला वार विचारत होते ना, तेव्हा मी घाबरले होते. रात्रभर वाटत राहिलं, खरंच माझंच काही बिघडत असेल तर? नवरा रोज सांगतो म्हटल्यावर माणसाला खरं वाटायला लागतं गं.

तुझी मामी


२० फेब्रुवारी

ती. मामांस,

सा. न. हे पत्र भाची लिहीत नाही, परवानेदारांना शिकवणारी बाई लिहितेय. म्हणून आज 'तुम्ही' म्हणते.

तुमचं नाक गेलंय.

मला ते तुमच्याच पत्रातून कळायला हवं होतं. शेजारच्या खोलीत दूध कोळसा होईपर्यंत जळतं आणि तुम्ही पेपर वाचत बसता. तापातून उठल्यापासून प्रत्येक घास फिका लागतो. मी आंधळेपणाने मामीवर शंका घेतली, तिला डॉक्टरांपुढे बसवलं. त्याची मला लाज वाटते. तुम्हाला तर खरं कारण माहीत होतं. तुम्हाला किती वाटायला हवी, ते तुम्ही ठरवा.

आता गिरणीचं. ज्याला वास येत नाही त्याला प्रत्येक वखार मोकळीच वाटणार. तुम्ही दारात उभे राहाल, श्वास घ्याल, पाटी काढाल, आणि तुमच्या शब्दावर त्या बायका भिंतीला पाठ लावून पिशव्या भरायला बसतील. त्यांनी तुमचं नाक पाहिलेलं नाही. त्यांनी पाटी पाहिलेली आहे.

मीटर काढा. ते वापरणार असल्याचं मॅनेजरला आधीच सांगा. मला तसं कळवा. कळवलं नाहीत तर परवान्याच्या कचेरीत मी स्वतः जाईन. नात्याने मी रोज तुमच्या पाया पडेन, पण या बाबतीत एक पाऊल मागे येणार नाही.

भिंगरी


२३ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस,

पत्र पोचलं. 'तुम्ही' म्हणालात, तेही पोचलं.

माझं नाक जागेवर आहे, आरशात पाहून खात्री केली. कचेरीत काय सांगायचं ते खुशाल सांगा. परवाना गेला तर भिंतीवर खिळा उरेल, त्यावर तुमचा फोटो टांगू.

गिरणीची पाटी उद्या लागेल. मी लावणार आणि मीच काढणार.

आशीर्वाद नेहमीचेच.

मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामास,

शिरसाष्टांग नमस्कार. पुन्हा 'तू' म्हणते, कारण 'तुम्ही' लिहायला मला जमत नाही. पण त्या पत्रातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही.

तुला कशाची भीती वाटतेय ते मला काल वर्गात उभी असताना कळलं. परवाना कशाने जातो ते मी फळ्यावर लिहीत होते. मामा, त्यात नाक जाणं नाही. वास येत नाही म्हणून कुणी तुझा परवाना काढून घेणार नाही, कारण कायद्याने तुझ्या नाकाला कधी विचारलंच नव्हतं. त्याने मीटरला विचारलंय. नाक तू तुझ्या हौसेने मध्ये आणलंस. नाकाच्या भरवशावर दार उघडलंस तर मात्र परवाना जाईल, आणि जायलाच हवा.

तुला एक आठवण करून देते. आई गेल्यावर तू मला घरी आणलंस, तेव्हा तू कामावरून येताना दिसलास की मी धावत सुटायचे. तू हात वर करून मागे सरायचास. "थांब, थांब, आधी अंघोळ." मी दाराबाहेर भोकाड पसरून बसायचे, मामी ओरडायची, जरा घ्या की तिला जवळ. तू घ्यायचा नाहीस. कपडे वेगळ्या बादलीत टाकून, डोक्यावरून पाणी घेऊन, मगच मला उचलायचास. मला किती राग यायचा! तुझ्या अंगावरचं औषध मला लागू नये म्हणून तू माझं रडणं ऐकून घेत होतास, हे कळायला मला हा धंदाच शिकावा लागला.

त्या बायकाही कुणाच्या तरी घरी जाऊन पोरं उचलणार आहेत.

शनिवारपर्यंत वाट पाहते. उत्तर आलं नाही तर सोमवारी कचेरी उघडताच मी दारात असेन. हे धमकी म्हणून सांगत नाही. अंघोळ आधी, म्हणून सांगते.

तुझीच भिंगरी


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

दोन ओळी घाईत. आज कपाट आवरायला काढलं. मीटरचा खोका रिकामा आहे. मी हात लावलेला नाही. ह्यांना विचारलंही नाही. तू कचेरीत जाणार म्हणून हे पुटपुटत होते, ते आणखी थोडे दिवस थांबव.

आज रश्शात मीठ नेहमीएवढंच घातलं. निमूट जेवले.

मामी


६ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. सगळं सांगतो, मध्ये बोलू नकोस.

नाक गेलंय. तापातून उठलो आणि पहिल्या अंघोळीला साबणाचा वास येईना. म्हटलं, येईल आठवड्याभरात. आला नाही. मग लाज वाटायला लागली. बाजार ज्याला नाकवाले म्हणतो त्याने हे कुणाला सांगायचं? म्हणून मामीच्या रश्शावर ढकललं. मधल्या काळात दोन लहान कामं झाली. तिथे दारात उभा राहून मी लंबूला सहज विचारल्यासारखं करायचो, "काय रे लंबू, कसं वाटतंय?" तो "मोकळं वाटतंय" म्हणाला की मी मोठ्या ऐटीत मान हलवायचो. इतकी वर्षं तो माझा जोडीदार, त्यालाही कळलं नाही की नाकवाला तो झालाय.

तुझं 'तुम्ही'चं पत्र आलं तेव्हा मी संतापलो. अंघोळीचं आलं तेव्हा उठून कपाट उघडलं. मीटरचा सेल मेलेला, तो नवा आणला. भिंग घेऊन माहितीचा कागद वाचला, दोनदा. मग मीटर पिशवीत टाकलं, आणि वर हातमोजे घातले, मॅनेजरला दिसू नये म्हणून. बघ, ठरवलं तरी लाज काही सुटली नव्हती.

उघडायचा दिवस आला. दारं आदल्या दिवशीच बाहेरून उघडून पंखे लावले होते. सकाळी पोचलो तर लंबू रुमालात शिंकतोय. सर्दीने नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी. दोघांत मिळून एकही नाक नाही. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

फाटकाशी बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मॅनेजर घड्याळ बघत म्हणाला, "काय नाकवाले, होऊन जाऊ दे." मी सवयीने दारात उभा राहिलो आणि श्वास घेतला. भिंगरे, इतकी स्वच्छ हवा मी कुठल्याच वखारीत घेतली नव्हती. आणि तिथेच मला कळलं. आता मला जगातली प्रत्येक वखार अशीच स्वच्छ लागणार होती. माझा एक हात पाटीवर होता. तो मी खाली घेतला आणि पिशवीतून मीटर काढलं.

मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं. दाराशी आकडा शून्य. "झालं ना?" तो म्हणाला. खरं सांगतो, मलाही वाटलं की झालं. पण लेबल म्हणतं सगळ्या कोपऱ्यांत मोजा, आणि लेबल म्हणजे कायदा हे मीच तुला शिकवलेलं. मास्क चढवून मी आणि लंबू आत गेलो. पहिल्या थप्पीशी शून्य. मधल्या थप्पीशी जरा हललं. अगदी शेवटची थप्पी पॅकिंगच्या भिंतीला लागून आहे, तिथवर पंख्याची हवा पोचलीच नव्हती. तिथे तुझं डबडं असं किंचाळायला लागलं की लंबू दोन पावलं मागे सरला. त्या भिंतीत वर एक झरोका आहे. मी मान वर करून पाहिलं तर पलीकडची बाकं दिसत होती. पुसून, मांडून ठेवलेली.

बाहेर येऊन मास्क काढला. मॅनेजर म्हणाला, "मशीनचं सोडा हो, ती काहीही दाखवतात. तुमचं नाक काय म्हणतं ते सांगा."

मी म्हणालो, "साहेब, नाक गेलंय. थंडीत ताप आला होता, त्यात गेलं. काही म्हणत नाही ते. पाटी राहील."

सगळ्यांसमोर म्हणालो. फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. लंबू शिंकायचा थांबला.

मॅनेजर बरंच बोलला. फसवणूक म्हणाला, दुसरा माणूस बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, "बोलवा. पण माझी पाटी आहे तोवर हे दार कायद्याने माझं आहे, आणि ती कुणी काढली तर त्याला कचेरीत मी नेईन." तुझीच भाषा वापरली, पैसे मागू नकोस. मग फाटकाशी गेलो. एका बाईने विचारलं, "म्हणजे आज काम नाही?" मी म्हटलं, "नाही ताई, आत अजून वायू आहे, तुमच्या भिंतीशी." ती म्हणाली, "त्या भिंतीशीच तर आम्ही डबा खातो." आणि बाकीच्यांना घेऊन निघाली.

मी आणि लंबूने शेवटच्या थप्पीशी पंखा नेला, झरोका चिकटपट्टीने बंद केला, पॅकिंगच्या दारालाही पाटी लावली. दोन्ही आधीच करायला हवं होतं. कोपरा न् कोपरा शून्य दाखवायला लागला तेव्हाच दोन्ही पाट्या काढल्या. माझ्या हाताने. मॅनेजरने पुढचं काम देणार नाही असं सांगितलंय. नको देऊ दे. कचेरीत मी स्वतः जाऊन झालं ते सगळं सांगितलं. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, यापुढे कशाने मोजणार? मी पिशवी उघडून दाखवली.

मामीला सांगणं सगळ्यांत कठीण गेलं. ती पोळपाट पुसत होती. मी म्हटलं, रस्सा फिका नव्हता, मलाच चव लागत नाही, मला पहिल्यापासून माहीत होतं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" भिंगरे, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी लाज झाकायला मी तिच्या मनात काय भरलं होतं! मग मी तिची माफी मागितली. तिने दिली की नाही ते अजून कळलेलं नाही, पण काल शेजारणीसमोर मला "बिननाकवाले" म्हणाली. म्हणजे निम्मी दिली असावी.

आता वर्गाचं. सूट नको. पहिल्या बाकावरची जागा ठेव. पाटीचा माझा नियम सांगशील तेव्हा पुढे एवढं जोड, की लावली त्यानेच काढायची, पण शेवटचा कोपरा मोजल्याशिवाय नाही. कुणाचं वाक्य म्हणून विचारलं तर मला उभं कर, मी सांगेन कसं शिकलो ते.

आणि वर्गात मला 'तुम्ही' म्हण. ते बरोबर आहे. घरी आलीस की आधी अंघोळ कर, आणि मग 'तू'.

तुझा मामा